दोन सिलिंडरची लाज कुणाला?

मिरजेत आमच्या मोहल्ल्यात पहाटे एक ठरलेला आवाज येतो. फजरची नमाज आटोपून लोक घराकडे परतत असतात आणि कोपऱ्यावर मामूंचा छोटा हत्ती सुरू होतो. आधी एक हिसका, मग धडधड, आणि मग सगळी बॉडी थरथरायला लागते. मागे केळीचे घड रचलेले असतात. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, ज्या दिवशी जिथं आठवडी बाजार तिकडे गाडी निघते. 2007 साली मामूंनी पहिला छोटा हत्ती घेतला. त्याआधी ते भाड्याच्या टेम्पोत माल घालून जायचे आणि नफ्यातला मोठा वाटा टेम्पोवाल्याला द्यायचे. आता आहे ती त्यांची दुसरी गाडी. पहिलीला दोन सिलिंडर होते, हिलाही दोनच आहेत. त्याबद्दल मामूंना कधी कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

आमच्याच घरातली दुसरी गोष्ट मात्र वेगळी आहे. माझे दुल्हाभाई शाळेत शिक्षक. 2011 साली त्यांनी नॅनो घेतली. तिलाही दोनच सिलिंडर. घर ते शाळा अठरा किलोमीटर, जायचे-यायचे छत्तीस. आपा, दोन मुलं आणि ते, चौघं पावसात न भिजता प्रवास करू लागले. गाडी लिटरला वीस-बावीस किलोमीटर द्यायची. दोन वर्षं सगळं सुरळीत होतं. मग सोलापूरला एका लग्नात कुणीतरी मांडवाच्या दारात विचारलं, "मास्टर, रिक्षा किधर लगाए?" सगळे हसले. दुल्हाभाईही हसले. पण सहा महिन्यांत त्यांनी नॅनो विकली आणि कर्ज काढून एक मोठी, जुनी डिझेल गाडी घेतली. तिच्या हप्त्यात आणि डिझेलमध्ये पगाराचा बराच भाग जायला लागला. पुढे भाचीला पुण्याच्या हॉस्टेलवर ठेवायची वेळ आली तेव्हा पहिल्या वर्षाची फी उसनी घ्यावी लागली.

एकाच घरात दोन गाड्या आल्या, दोन्हींची इंजिनं दोन-दोन सिलिंडरची. एकीनं घर चालवलं, दुसरीची घराला लाज वाटली. मला वाटतं, गेल्या वीस वर्षांत आपल्या देशात छोट्या इंजिनाचं जे झालं ते या दोन गोष्टींत आलं. दोन सिलिंडरचं इंजिन नापास झालं, असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते मान्य नाही. ते जिथं कमाईच्या हिशेबानं तोललं गेलं तिथं पास झालं. जिथं ते प्रतिष्ठेच्या तराजूत पडलं तिथं हरलं.

आधी इंजिनाबद्दल थोडं समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

आपल्या गाड्यांची इंजिनं चार स्ट्रोकची असतात. हवा-इंधन आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, अशी ही चार कामं. ती पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो आणि एकदाच धक्का मिळतो. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेऱ्याला कुठला ना कुठला सिलिंडर धक्का देतो, म्हणून ते इंजिन गुळगुळीत चालतं. दोनच असतील तर फार तर फेऱ्यामागे एक धक्का. मधली जागा मोकळी राहते आणि ती मोकळी जागा आपल्याला थरथरीच्या रूपात जाणवते. शिवाय धक्के समान अंतरावर हवे असतील तर दोन्ही पिस्टन एकदमच वर आणि एकदमच खाली जावे लागतात. मग ते एकमेकांचा तोल सांभाळू शकत नाहीत. हा तोल सावरायला बॅलन्सर शाफ्ट नावाचा आणखी एक फिरता दांडा बसवतात. नॅनोच्या इंजिनात तो होता.

मग एवढी कटकट करून दोन सिलिंडर कशाला? कारण बचत. सिलिंडर कमी म्हणजे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग सगळंच कमी. जितके भाग एकमेकांवर घासतात तितकी ताकद घासण्यात जाते, ती इथं वाचते. वजन कमी होतं, किंमत कमी होते, दुरुस्तीही स्वस्त पडते. तेवढीच क्षमता चारऐवजी दोन सिलिंडरमध्ये वाटली तर आतल्या भिंतींचं एकूण क्षेत्रफळ घटतं आणि भिंतीतून वाया जाणारी उष्णताही घटते. सर्वांत मोठा मुद्दा शहरातल्या वापराचा. मोठं पेट्रोल इंजिन गर्दीत चालतं तेव्हा त्याचा हवेचा दरवाजा जवळजवळ बंद असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. दोन माणसांचा भात देगीत शिजवायला घेतला तर जे होईल तेच. भात शिजतो, पण जास्त लाकूड देग तापवण्यात जळतं.

पण देगीची उपमा उलटीही लागू पडते. पन्नास माणसांचं जेवण छोट्या पातेल्यात करायला गेलं तरी जळण वायाच जातं. इटलीच्या फियाटनं 2010 साली ट्विनएअर नावाचं 875 सीसीचं दोन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणलं. 2011 साली त्याला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हा किताब मिळाला. प्रयोगशाळेतले इंधनाचे आकडे डोळे दिपवणारे होते. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र अनेकांना ते मिळाले नाहीत, कारण टर्बोची ताकद मिळवायला लोक ॲक्सिलेटर दाबत राहिले आणि छोटं इंजिन सतत जोरावर पळत राहिलं. म्हणून दोन सिलिंडर म्हणजे आपोआप बचत, असं मी म्हणणार नाही. हलकी गाडी, बेताचा वेग आणि जवळचं अंतर असेल तर ती बचत आहे. दीड टनाची गाडी घेऊन पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर शर्यत लावायची असेल तर नाही.

ही गोष्ट जगाला नवीनही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पैसा नव्हता, पेट्रोल महाग होतं आणि लोक सायकली नि स्कूटरवर फिरत होते. 1948 साली पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएननं 375 सीसीची, दोन सिलिंडरची टूसीव्ही दाखवली. तिच्यामागची कल्पनाच अशी होती की चार माणसं आणि पन्नास किलो बटाटे न्यावेत आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतली अंडी फुटू नयेत. तिचं उत्पादन 1990 पर्यंत चाललं. 1957 साली दांते जाकोसा या अभियंत्यानं आखलेली फियाट 500 आली, 479 सीसी, दोन सिलिंडर, हवेनं थंड होणारं इंजिन मागच्या बाजूला. इटलीतलं सामान्य कुटुंब स्कूटरवरून उतरून मोटारीत बसलं ते या गाडीमुळे. आज हीच गाडी इटालियन माणूस अभिमानानं अंगणात जपून ठेवतो. ज्या सुझुकीमुळे आपल्याकडे मारुती घराघरात पोहोचली, त्या सुझुकीचीही पहिली मोटार 1955 ची सुझुलाइट होती, 360 सीसीच्या आतली, दोन सिलिंडरची. म्हणजे आज मोठे झालेले देश आणि कंपन्या एकेकाळी याच दोन सिलिंडरवर बसून पुढे गेल्या.

आता आपल्याकडे येऊ. 2005 साली टाटांनी एस हा छोटा ट्रक आणला. महाराष्ट्रानं त्याचं नाव ठेवलं छोटा हत्ती. त्याचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं डिझेल. इंडिकाचं जे 1405 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, त्याचा जणू निम्मा तुकडा. ताकद अवघी 16 अश्वशक्ती आणि ओझं पाऊण टन. आकडे वाचून हसू यावं असे. पण तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामध्ये जी जागा रिकामी होती ती त्यानं भरली. पुढच्या बारा वर्षांत या कुटुंबातल्या गाड्यांनी वीस लाखांचा आकडा गाठला. भाजीवाला, भंगारवाला, फर्निचरवाला, पाण्याचे जार पोहोचवणारा, मंडपवाला, या सगळ्यांच्या दारात तो उभा राहिला. आपल्या समाजातल्या किती कुटुंबांचा चरितार्थ या गाडीवर आहे ते पाहायचं असेल तर कुठल्याही मार्केट यार्डाबाहेर सकाळी सातला जाऊन उभं राहावं. नोकरीचे दरवाजे अर्धे उघडे असलेल्या माणसाला स्वतःचं चाक मिळणं म्हणजे काय, ते तिथं कळतं.

एसच्या प्रकल्पाचं नेतृत्व गिरीश वाघ यांनी केलं होतं. त्यानंतर त्यांच्याकडेच नॅनोची जबाबदारी आली. दोन्ही गाड्यांच्या मुळाशी एकच विचार होता. माणसाला खरी गरज किती आहे ते पाहा आणि तेवढंच द्या. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत नॅनो दाखवली गेली, मार्च 2009 मध्ये ती बाजारात आली. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मागच्या बाजूला होतं. गाडीचं वजन साधारण सहाशे किलो आणि अधिकृत चाचणीत अ‍ॅव्हरेज लिटरला 23.6 किलोमीटर. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मुलं जाताना पाहून ही कल्पना सुचली, असं रतन टाटा सांगत. आपल्यापैकी कोण त्या स्कूटरवर बसलेलं नाही? मी अब्बांच्या पुढ्यात उभा राहून हँडल धरलेलं मला अजून आठवतं.

नॅनो का बुडाली याची कारणं अनेक आहेत आणि ती सगळी सांगायला हवीत. सिंगूरच्या जमिनीचा वाद झाला. कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला आणि उत्पादन लांबलं. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. नंतर सुरक्षिततेचे आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि 2018 मध्ये उत्पादन थांबल्यात जमा झालं. पण या सगळ्याच्या बरोबरीनं एक कारण होतं, ते म्हणजे तिच्या कपाळावर मारलेला 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का. तो शिक्का चूक होता, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. आपल्याकडे माणूस गरीब असतो तेव्हा त्याला स्वस्त वस्तू हवी असते, पण ती स्वस्त आहे हे शेजाऱ्याला कळायला नको असतं. सोलापूरच्या मांडवात दुल्हाभाईंना नेमकं हेच भोवलं.

एक उदाहरण असंही आहे जिथं गरिबीचा शिक्का नव्हता. मारुतीनं 2015 साली सेलेरिओमध्ये 793 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन दिलं. अधिकृत अ‍ॅव्हरेज 27.62, त्या वेळी देशात अव्वल. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. लोकांनी आवाज नि थरथर पाहिली आणि पाठ फिरवली. डिझेल-पेट्रोलच्या दरातला फरकही तोवर कमी झाला होता. मात्र तेच इंजिन सुपर कॅरी या छोट्या ट्रकमध्ये बसलं आणि 2020 चे प्रदूषण नियम येईपर्यंत चाललं. पुन्हा तेच. माल वाहायला दोन सिलिंडर चालतात, माणसं वाहायला नाहीत. केळीला थरथरीची लाज वाटत नाही.

इथं कुणी म्हणेल, लोकांना आराम हवा असेल तर त्यात काय चूक? काहीच चूक नाही. ज्याला परवडतं त्यानं खुशाल घ्यावं. माझा प्रश्न ज्याला परवडत नाही त्याच्याबद्दल आहे. साधा हिशेब करू. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी गाडी लिटरला वीस किलोमीटर देत असेल तर पन्नास लिटर पेट्रोल लागतं. चौदा देत असेल तर एकाहत्तर लिटर. लिटरला 104 रुपये धरले तर महिन्याला बावीसशे रुपयांचा आणि वर्षाला सव्वीस हजारांहून जास्त फरक पडतो. वाढीव हप्ता आणि विमा वेगळाच. एवढ्या पैशात एका मुलीची वर्षाची फी निघते. आपल्या घरांत 'इस्राफ' हा शब्द पाण्याच्या नळापाशी आणि लग्नाच्या दस्तरखानापाशी ऐकू येतो. गाडीच्या शोरूममध्ये तो कुणाला आठवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. स्वस्त गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, गरिबाच्या जिवाशी खेळ. शून्य ताऱ्यांचा दाखला मी वर दिलाच आहे आणि त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण तारे सिलिंडर मोजून मिळत नाहीत. ते सांगाड्याची मजबुती, सीटबेल्ट आणि एअरबॅग पाहून मिळतात. त्याच चाचण्यांत मोठ्या इंजिनाच्या गाड्याही शून्यावर आल्या होत्या. आणि तुलना कुणाशी करायची तेही ठरवायला हवं. सरकारी आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली, त्यांत दुचाकीवरची माणसं 44 टक्क्यांहून जास्त होती. छोटी गाडी नाकारली गेली तेव्हा ते कुटुंब मोठ्या सुरक्षित गाडीत जाऊन बसलं नाही. ते मोटारसायकलवरच राहिलं, चौघं, त्यातलं एक लेकरू टाकीवर. छोटी गाडी सुरक्षित करणं हे त्याचं उत्तर होतं. आपण तिची टर उडवली आणि विषय संपवला.

सरकारनं काय केलं? सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, वरचा उपकरही गेला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण छोटी मोटार म्हणजे कोणती? पेट्रोलची 1200 सीसीपर्यंतची आणि चार मीटरपर्यंत लांबीची. म्हणजे 624 सीसीची सहाशे किलोची गाडी आणि 1197 सीसीची, टनाच्या आसपास वजनाची गाडी कायद्याच्या डोळ्यांत सारख्याच. मग कंपनीनं निम्म्या इंजिनाची गाडी का बनवावी? कार्बनच्या नियमाचंही तसंच. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर तिच्या धुराची मर्यादाही थोडी सैल होते. जड असण्याला सवलत आणि हलकं असण्याला शाबासकीही नाही, असा हा प्रकार.

जपाननं वेगळा रस्ता धरला. तिथं केई नावाचा मोटारींचा स्वतंत्र वर्ग आहे. इंजिन 660 सीसीपर्यंत, लांबी 3.4 मीटरपर्यंत. त्यांना कर कमी आणि ग्रामीण भागात पार्किंगच्या दाखल्यातूनही बहुतेक ठिकाणी सूट. आज त्यांची इंजिनं बहुधा तीन सिलिंडरची असतात, पण मुद्दा आकाराचा आहे. तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश या वर्गातल्या असतात आणि त्या चालवणाऱ्याला कुणी मांडवाच्या दारात अडवून हसत नाही. आपल्याकडे बजाजनं 2012 साली छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, वाळूजची छोटी चारचाकी दाखवली. तिला तर एकच सिलिंडर, 216 सीसी. खासगी वापराची परवानगी मिळून ती इथल्या रस्त्यावर यायला 2019 उजाडलं. सात वर्षं गेली तोवर लोकांनी आपापली सोय पाहिली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. 700 सीसीच्या आतल्या आणि ठरावीक वजनाखालच्या मोटारींचा वेगळा वर्ग करा आणि त्यावर 5 टक्के कर लावा. त्याच दमात त्या वर्गाला दोन एअरबॅग आणि अपघात चाचणी सक्तीची करा, सुरक्षिततेत सूट नको. विजेवरच्या गाड्या येताहेत हे मला माहीत आहे. पण तिथंही हाच धडा आहे. छोट्या बॅटरीची हलकी गाडी सोडून आपण पुन्हा दोन टनांच्या गाड्यांकडे पाहतो आहोत. आणि ज्यांना दोन सिलिंडर कमीपणाचे वाटतात त्यांच्यासाठी सांगतो. बीएमडब्ल्यूनं तिच्या आय3 या विजेच्या गाडीत बॅटरी संपत आली की वीज तयार करायला जे इंजिन बसवलं होतं ते 647 सीसीचं होतं. सिलिंडर किती? दोन.

कायदा बदलणं आपल्या हातात नाही, हसणं मात्र आपल्या हातात आहे. गेल्या ईदला दुल्हाभाई आले होते. ती मोठी गाडी त्यांनी केव्हाच विकली, आता मोटारसायकलवर शाळेत जातात. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत आणि कंबर दुखते. मामूंच्या छोट्या हत्तीकडे पाहत ते म्हणाले, "मेरी नॅनो रहती तो आज भी चलती." मामूंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "गाडी तो चलती थी मास्टर, तुमेच उतर गए."